मोठ्या आतड्यातील स्टेंट
मोठ्या आतड्यातील स्टेंट म्हणजे कर्करोगाच्या गाठीमुळे बंद झालेला आतड्याचा मार्ग मोकळा करणारी, आपोआप प्रसरण पावणारी जाळीदार धातूची नळी होय. ती बहुधा नायटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची असते व दुर्बिणीद्वारे गुदमार्गातून बसवली जाते. वृद्धांमध्ये तातडीची शस्त्रक्रिया अधिक जोखमीची असते. स्टेंटमुळे ती टळून प्रकृती सुधारल्यावर नियोजित शस्त्रक्रिया करता येते. रोग पसरला असल्यास स्टेंट लक्षणे शमवतो. पोटावर कृत्रिम मलमार्ग करण्याची गरज अनेकदा उरत नाही. मात्र त्यामुळे कर्करोग बरा होत नाही. आतडे फाटणे, स्टेंट सरकणे आणि गाठ वाढून मार्ग पुन्हा बंद होणे हे यातील प्रमुख धोके आहेत. आतड्याला आधीच छिद्र पडले असल्यास स्टेंट बसवला जात नाही.