अग्निशामक नियम

अमेरिकी अपकृत्य कायद्यातील एक तत्त्व. मालकाच्या निष्काळजीपणामुळे लागलेली आग विझवताना जवान त्याच आगीत जखमी झाला, तर या नियमानुसार त्याला मालकाकडून सहसा भरपाई मिळत नाही. १८९२ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पाया घातला. मात्र छुपा धोका ठाऊक असूनही मालक गप्प राहिला, तर तो जबाबदार ठरू शकतो.

जवानावर हा नियम म्हणजे अन्यायच आहे. ओरेगन राज्याने १९८४ मध्ये हा नियम रद्द केला.

इंग्लंडने हा नियम स्वीकारलाच नाही. तेथे ब्लोलॅम्पने छताखालच्या फळ्यांवरचा रंग जाळताना एका घराला आग लागली. माळ्यावर शिरलेला जवान संरक्षक पोशाखातही वाफेने भाजला. १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने घरमालकाला जबाबदार धरले.