नावात काय असते?

मूल जन्मले की सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठेवले जाते. पुढे शाळेच्या रजिस्टरात ते नाव चढते आणि जन्मभर सोबत राहते. म्हणून नाव म्हणजे केवळ हाक नव्हे. तो घराण्याच्या इतिहासाचा एक लहानसा दस्तऐवज होय.

आपल्या नावांचा पहिला भाग बहुधा अरबी असतो. ‘हम्द’ म्हणजे स्तुती. मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद ही सारी नावे त्या एकाच धातूपासून निघाली आहेत. ‘अब्द’ म्हणजे सेवक. ‘अब्दुल’ हे पूर्ण नाव नव्हेच. त्याचा अर्थ नुसता ‘चा सेवक’ एवढाच होतो. सावित्री नदीपलीकडच्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या नावाचा अर्थ ‘परम दयाळूचा सेवक’ असा आहे. हजेरी घेताना नुसते ‘अब्दुल’ पुकारले, तर ज्याचा सेवक तोच गळून पडतो. अर्थाचे हे महत्त्व जाणूनच पैगंबरसाहेबांनी ‘आसिया’ म्हणजे अवज्ञा करणारी, या अर्थाचे एका स्त्रीचे नाव बदलून ‘जमीला’, म्हणजे सुंदर, असे ठेवले होते.

नावाचा शेवटचा भाग मात्र या मातीतला आहे. काझी न्याय देणारा, खतीब खुतबा वाचणारा, नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, जहाजाचा प्रमुख. खोत, मुकादम, देशमुख ही आडनावे हिंदू व मुसलमान दोन्ही घरांत आढळतात, कारण ती कामावरून पडली. गावाच्या नावाला ‘कर’ जोडण्याची चालही दोघांची एकच.

या चालीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच तालुक्यातील आहे. डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे दाखल झाले. रजिस्टरातील ती एक ओळ पुढे साऱ्या देशाला पाठ झाली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘महमद’ आणि पासपोर्टवर नुसते ‘एम’, असे झाले की नोकरीसाठी आखातात निघालेल्या मुलाला ऐन वेळी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटे जास्त द्या, नाव पूर्ण लिहा, सर्वत्र एकाच प्रकारे लिहा.

आणि विद्यार्थीमित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, आपले नाव कोणी ठेवले, त्याचा अर्थ काय, आडनाव कोठून आले? हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ते टिपून ठेवा.