ठाऊक असणे आणि ठरलेले असणे

हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या पंगतीत एक वाक्य हमखास कानी पडते : देवाला ठाऊकच होते. यंदा ते सोयाबीनविषयी होते. ठाऊक होते म्हणजे ठरलेलेच होते काय? मध्ययुगीन ज्यू पंडितांनी हा प्रश्न फार नेटाने लावून धरला.

सादिया गाओन (८८२–९४२) म्हणे, ज्ञान हे कारण नव्हे. माणूस उलटसुलट विचार करून शेवटी जे करतो, तेच ईश्वर जाणतो. मायमोनिडीजचे (१२०४ मध्ये निधन) म्हणणे, ईश्वराचे ज्ञान म्हणजे ईश्वरच; ते आपल्या मापाने मोजता येत नाही. हे उत्तर मला निसटते वाटते. गेर्सोनिडीजने १३२९ मध्ये धाडस केले : ईश्वर सृष्टीचा क्रम जाणतो, अमका माणूस काय निवडील ते नाही.

हस्दाई क्रेस्कास उलट गेला. १३९१ च्या दंगलीत बार्सिलोनात त्याचा एकुलता एक मुलगा मारला गेला होता. १४१० च्या 'ओर अदोनाय'मध्ये त्याने ईश्वरी ज्ञान अबाधित ठेवले आणि माणसाचे स्वातंत्र्य आक्रसले. विस्तवात हात घातला की भाजते, तशी पापामागून शिक्षा. तरी प्रयत्न फुकट नाही, कारण प्रयत्नही त्याच कार्यकारणाच्या साखळीतली कडी. टिळकांच्या 'गीतारहस्या'तले कर्मविपाकाचे प्रकरण वाचलेल्याला हे परके वाटू नये. टिळक मात्र आत्म्याला मोकळीक ठेवतात.

मुलाच्या मृत्यूशी या मताचा धागा जोडण्याचा मोह मलाही झाला. पण ग्रंथात शोक नाही. तिथे भांडण आहे ते ॲरिस्टॉटलशी.