साक्षीदाराचा दोष कीं तारेचा?

इतिहासाच्या अभ्यासकानें यंत्रांच्या भानगडींत पडूं नये, असें माझे मित्र मला नेहमीं सांगतात. तो उपदेश मानला असता तर गेल्या पावसाळ्यांत घडलेला एक लहानसा खटला माझ्या दृष्टीआड झाला असता, आणि पुराव्याच्या परीक्षेविषयीं जें मी तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों, तें प्रत्यक्ष पाहण्याची संधि हुकली असती.

शिराळ्यास आमच्या शेजारीं एक तरुण राहतो. पेट्रोल व गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालणारी एक जुनी पिकअप, म्हणजे लहान मालमोटार, हेंच त्याच्या उपजीविकेचें साधन. पहांटे भाजीपाला भरून पेठ नाक्यावरून महामार्गास लागावयाचें आणि दुपारपर्यंत परतावयाचें, हा त्याचा क्रम. एके दिवशीं गाडींत इंजिनाचा पिंवळा दिवा लागला. इंधन अधिक लागूं लागलें. सायलेन्सरच्या तोंडाशीं काजळी धरूं लागली. गॅरेजमध्यें स्कॅनर लावून निदान झालें कीं, ऑक्सिजन सेन्सर गेला. त्यानें नवा बसविला. दिवा चार दिवस विझला आणि पुन्हां लागला. आतां तिसरा सेन्सर घ्यावा, नाहीं तर सेन्सर आणि धूर शुद्ध करणारा डबा हीं दोन्ही काढून मोकळें व्हावें, असा सल्ला त्यास मिळाला. “सर, सेन्सरच खोटं बोलतोय म्हणत्यात,” असें तो मला म्हणाला. साक्षीदार खोटें बोलतो असा आरोप ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना.

हा साक्षीदार कोण, हें प्रथम पाहूं. ज्यांच्या घरीं कंदील जळत असे त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. वात फार वर केली म्हणजे ज्योत धुरकट होते आणि कांच काळी पडते; कारण तेल पुष्कळ आणि हवा थोडी. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कांचेचा कारखाना काढला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील पुढें घरोघर गेला. त्याच्या कांचेकडे पाहून माझी आजी वात खालीं करीत असे. जें काम तेथें कांच आणि आजी मिळून करीत, तेंच येथें सेन्सर आणि इंजिनाचा संगणक मिळून करितात. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा मिळाली म्हणजे दोहोंचा मेळ बसतो. हवा कमी पडली तर धुरांत प्राणवायु जवळजवळ उरत नाहीं. अधिक झाली तर उरतो.

उरलेला प्राणवायु विजेच्या भाषेंत सांगावयाचा, ही युक्ति मात्र एका दिवसांत सुचलेली नाहीं. वाल्थर नर्न्स्ट ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें द्रव्याचें प्रमाण आणि विजेचा दाब यांचा संबंध १८८९ सालीं समीकरणांत मांडला. १८९७ च्या सुमारास त्यानेंच झिर्कोनियाची कांडी तापवून प्रकाश देणारा दिवा तयार केला. तापलेल्या झिर्कोनियाच्या एका अंगास बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगास इंजिनाचा धूर ठेविला, तर दोहोंतील प्राणवायूच्या अंतरानुसार वीजदाब उत्पन्न होतो. ह्या ज्ञानाची रस्त्यावर गरज पडली ती लॉस एंजेलिस शहराचें आकाश मोटारींच्या धुरानें झांकोळल्यावर. अमेरिकेंत १९७० सालीं कडक कायदा झाला, आणि १९७६ सालीं बॉश कंपनीचा असा सेन्सर कॅलिफोर्नियांत विकावयाच्या व्होल्वो मोटारींत प्रथम बसला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस धूर शुद्ध करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आवश्यक झाला. पेट्रोलमधील शिसें ह्या डब्यास आणि सेन्सरास दोघांसही मारक. तें २००० सालीं देशभरांतून गेलें. भारत स्टेज ४ चे नियम १ एप्रिल २०१७ रोजीं आणि स्टेज ६ चे १ एप्रिल २०२० रोजीं सर्व देशास लागू झाले. अशा रीतीनें हा परदेशीं जन्मलेला साक्षीदार शिराळ्याच्या भाजीच्या गाडींत येऊन बसला.

त्याची वाणी मोठी मृदु आहे. हवा अधिक असेल तर तो सुमारें ०.१ व्होल्ट दाब देतो, इंधन अधिक असेल तर सुमारें ०.९. साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. म्हणजे ह्याचा सर्वांत मोठा आवाजही त्याहून लहान. शिवाय सुमारें ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावांचून तो बोलतच नाहीं, म्हणून त्याच्या पोटांत एक तापक असतो. चार तारांपैकीं दोन तापकाच्या, एक साक्षीची आणि एक तिच्या परतीची. इतका हलका आवाज वाहून नेणारी तार जर सदोष असेल, तर साक्षीदार कितीही सत्यवादी असला तरी न्यायाधीशाच्या कानीं भलतेंच पडणार!

आमच्या ओळखीचे एक वृद्ध वायरिंग मिस्त्री आहेत. त्यांनीं सेन्सरास हात न लावितां प्रथम तारा पाहिल्या. तापकाचा फ्यूज शाबूत होता. किल्ली फिरवून त्यांनीं कपलरवर मीटर धरिलें. बारा व्होल्ट येत होते. तापकाचा रोध कांहीं ओहम भरला, म्हणजे तापक जिवंत होता. परतीच्या तारेचें अर्थिंगही ठीक होतें. मग बॅटरी सोडून, साक्षीच्या तारेचीं दोन्ही टोकें मोकळीं करून त्यांनीं तार तपासली. तार अखंड होती. गाडीच्या सांगाड्याशीं तिचा संबंध नव्हता. तरुणाचें तोंड उतरलें. मिस्त्री म्हणाले, “थांब, गाडी उभी हाय, रस्त्यावर ती हलती.” त्यांनीं तारांची जुडी हातानें हलविली मात्र, आणि मीटर वाजूं लागलें! जुडी धरून ठेवणारी पट्टी तुटली होती, जुडी सायलेन्सरच्या नळीवर टेकत होती, आवरण वितळून उघडी पडलेली तार खड्ड्याखड्ड्यास लोखंडाला शिवत होती. प्रत्येक स्पर्शास दाब शून्य होई. संगणक समजे कीं हवा फार झाली, आणि इंधन वाढवी. काजळीचें कारण हें!

मग दुसरा सेन्सर कां बिघडला? त्यास जुळतें कपलर नव्हतें, म्हणून पहिल्याचें कपलर तोडून ह्याच्या तारांना कथलानें झाळून जोडलें होतें. पुष्कळांस ठाऊक नसलेली गोष्ट अशी कीं, ह्या जातीचे अनेक सेन्सर तुलनेसाठीं लागणारी बाहेरची हवा तारांच्या धाग्यांमधील फटींतूनच आंत घेतात. सांधा झाळला कीं त्यांचा श्वास कोंडतो. म्हणून असे सांधे दाबून बसविलेल्या जोडनळ्यांनींच करावे, आणि कपलरांत वंगण भरूं नये. तरुणानें पहिला सेन्सर फडक्यांत गुंडाळून ठेविला होता. मिस्त्रींनीं तार बदलून जुडी नळीपासून दूर बांधिली, कपलर त्या जुन्या सेन्सरास जोडनळ्यांनीं परत जोडलें, आणि तोच बसविला. तो निर्दोष निघाला.

वाचकांस आतां माझ्या विषयाचा धागा दिसला असेल. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. पुढें वाईस सांपडलेल्या कागदांतून राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढिला, आणि बखरींपेक्षां मूळ पत्रांकडे पाहण्याची शिस्त आम्हांस लाविली. त्या शिस्तीचें ऋण मोठें आहे. परंतु तिच्या आडोशानें आम्हीं बखरकारास सरसकट लबाड ठरविण्याची खोडही लावून घेतली. हातीं आलेली बखर बहुधा नकलेची नक्कल असते. मूळ लेखक आणि आपण यांच्यामध्यें किती हात गेले, कोठें ओळ गळली, कोठें आंकडा चुकला, हें न तपासतां आम्ही निकाल देतों. मीही अनेकदां दिला आहे.

शिराळ्याच्या खटल्यांत असा निकाल दिला असता तर त्या तरुणाचे तिसऱ्या सेन्सराचे पैसे गेले असते, आणि डबा काढून टाकला असता तर तो विषारी धूर रस्त्याकडेच्या शाळेंतील मुलांच्या नाकांत गेला असता. दोष होता एका तुटक्या पट्टीचा. आतां वर्गांत साक्षीपुराव्याचा विषय निघाला म्हणजे ती जळकी तार मी मेजावर ठेवितों. मुलें हंसतात, मग हातांत घेऊन पाहतात.