जागा आहे का? क्लाउडच्या चाळणीची दहा वर्षं

भाड्याची खोली शोधली असेल, तर क्रम तुम्हाला ठाऊक आहे. आधी अटी: बजेट किती, स्टेशनपासून किती लांब, बॅचलर चालतात का. त्यात न बसणाऱ्या खोल्या बघायलाही जायचं नाही. उरलेल्या चार-पाचांतून मग उजेड, पाणी, शेजार बघून एक पक्की करायची. आणि पक्की करून फोन लावावा तर पलीकडून उत्तर येतं, “ती काल गेली.”

क्लाउडमध्ये जागा शोधणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचंही असंच असतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. त्याला राहायला खरा सर्व्हर लागतो, त्याला होस्ट म्हणतात. शेकडो होस्टपैकी कोणता द्यायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेड्युलर, आपल्या भाषेत एजंट. ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरमधला हा एजंट कसा घडत गेला, त्याची ही गोष्ट.

जुलै २०१० मध्ये नासा आणि अमेरिकेतली रॅकस्पेस कंपनी यांनी ओपनस्टॅक जाहीर केलं. त्यातला मशीन चालवणारा भाग, नोव्हा, नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्रातून आला होता. सुरुवातीचे शेड्युलर साधेच होते. एकाचं नावच ‘चान्स’: चालू असलेल्या होस्टमधून चिठ्ठी काढायची. दुसरा ‘सिंपल’: ज्याच्यावर सगळ्यांत कमी भार, तो घ्यायचा. सर्व्हर एकसारखे असतील तर एवढ्यावर भागतं. पण भार कमी म्हणून निवडलेल्या होस्टवर हवं ते ग्राफिक्स कार्डच नसेल तर? एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेली दोन मशीन एकाच होस्टवर गेली आणि तोच बंद पडला तर?

२०१२ पर्यंत ‘फिल्टर शेड्युलर’ने मुख्य जागा घेतली. त्याने एका प्रश्नाचे दोन केले. पहिला, इथे चालेल का? दुसरा, चालणाऱ्यांत बरं कुठे? पहिल्याचं काम फिल्टरांचं. प्रत्येक फिल्टर म्हणजे छोटासा कोड. होस्ट बघायचा आणि हो किंवा नाही म्हणायचं. मेमरीचा एक, प्रोसेसरचा एक, डिस्कचा एक, ‘या दोघांना एकत्र ठेवू नका’ सांगणारा एक. एका चाळणीतून गळलेला होस्ट पुढच्या चाळणीपर्यंत पोचतच नाही. म्हणून झटपट होणारी आणि जास्त होस्ट गाळणारी तपासणी आधी लावायची, हे शहाणपण. उरलेल्यांना मग गुण देऊन क्रम लावायचा.

यातला ‘हो’ वाटतो तितका कोरडा नव्हता. नेहमीच्या मांडणीत प्रोसेसरचा एक खरा कोअर सोळा कोअर म्हणून मोजला जाई आणि मेमरी दीडपट धरली जाई. सगळे भाडेकरू एकाच वेळी पूर्ण ताकद वापरत नाहीत, या भरवशावर. म्हणजे ‘जागा आहे’ हे उत्तर कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या आकड्यावर उभं होतं. चालकाने तो आकडा बदलला की तोच होस्ट भरलेला किंवा रिकामा ठरे.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. मोठ्या क्लाउडमध्ये एकाच वेळी अनेक शेड्युलर काम करतात. प्रत्येकाकडे होस्टांची यादी असते, पण ती थोडी शिळी. दोघांना एकच होस्ट सर्वांत मोकळा दिसतो, दोघेही आपापलं मशीन तिकडे पाठवतात. तिथे पोचल्यावर कळतं, जागा एकालाच आहे. दुसऱ्याला परत फिरून नवा होस्ट शोधावा लागे. नेहमीच्या मांडणीत असे तीनच प्रयत्न. गर्दी टाळायला एक युक्तीही होती: पहिल्याच क्रमांकाचा होस्ट न घेता वरच्या काही होस्टमधून एक चिठ्ठीने उचलायचा. पुढच्या दाराने घालवलेला ‘चान्स’ असा मागच्या दाराने परत आला.

खोलीच्या बाजारात यावर उपाय आहे: टोकन. नुसतं बघून जायचं नाही, हातावर पैसे ठेवायचे. ओपनस्टॅकने तेच केलं. २०१६ मध्ये ‘प्लेसमेंट’ नावाची सेवा आली. कोणत्या होस्टकडे किती माल आहे आणि त्यातला किती कुणाच्या नावे लागला, याची ही एकच वही. २०१७ मध्ये ती सक्तीची झाली आणि त्याच वर्षी शेड्युलर होस्ट निवडल्याबरोबर वहीत नोंद करू लागला. प्रत्येक पानाला एक क्रमांक असतो. तुम्ही वाचल्यानंतर कुणी त्यावर लिहिलं असेल तर क्रमांक बदलतो, तुमची नोंद नाकारली जाते आणि पुन्हा वाचून लिहावं लागतं. २०१९ मध्ये प्लेसमेंट नोव्हापासून वेगळा प्रकल्प झाला. मेमरी, प्रोसेसर आणि डिस्कचे जुने फिल्टर निकामी ठरले आणि पुढे काढून टाकले गेले. ते काम आता डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न करतो.

इथपर्यंत ही सरळ प्रगतीची गोष्ट वाटते. पण तिची एक किंमत आहे. जागा मिळाली नाही की ओपनस्टॅक वापरणाऱ्याला एकच वाक्य दिसतं: ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’. चालवणाऱ्यांना हे वाक्य झोपेतही ओळखू येईल. पूर्वी ते निदान लॉग उघडून बघू शकत. कोणत्या फिल्टरमध्ये किती होस्ट शिरले, किती बाहेर आले, हे ओळीने लिहिलेलं असे. मेमरीच्या फिल्टरमध्ये पाच गेले आणि शून्य आले, तर दुखणं कळलं. आता वहीनेच ‘एकही उमेदवार नाही’ म्हटलं, तर मेमरी कमी पडली, की डिस्क, की एकाकडे हे होतं आणि दुसऱ्याकडे ते, याचं उत्तर तिथे लिहिलेलं नसतं. एकेक अट सैल करून शोधावं लागतं.

आधीची चाळणी कधी कधी खोटा होकार द्यायची, पण नकार देताना कारण सांगायची. आजची वही हिशोबात क्वचितच चुकते, फक्त ‘नाही’ म्हणून गप्प बसते. रिकाम्या हाताने परतणाऱ्या भाडेकरूला या दोन्हींची गरज असते.