पंपघरातल्या लोखंडी जाळीला अर्थिंग : नुसती वेगळी सळई पुरून भागत नाही

इनामगाव (ता. शिरूर) : घोड नदीकाठच्या गावांत नदीवरून, विहिरीवरून पाणी उचलणाऱ्या मोटारी आहेत. पोरंसोरं, जनावरं स्टार्टर-पॅनेलपर्यंत जाऊ नयेत म्हणून पंपघरात लोखंडी जाळी आणि दार बसवतात. पण केबलचं आवरण घासून फेज या जाळीला लागला, तर राखणीसाठी लावलेली जाळीच जिवावर उठते. त्यात लाईट रात्री येते, पाय ओले असतात.

वेगळ्या सळईने काय होतं?

बरेच जण जाळीशेजारी एक सळई ठोकतात आणि अर्थिंग झालं म्हणतात. हिशेब करून पाहा. सळईचा जमिनीशी रोध २० ओहम आणि डीपीच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा ५ ओहम धरला, तर २३० व्होल्टला जेमतेम ९ अँपिअर प्रवाह वाहतो. ३२ अँपिअरचा फ्यूज त्याने उडत नाही. जाळीवर मात्र सुमारे १८४ व्होल्ट तसेच राहतात. शिवाय मोटारीचं अर्थिंग वेगळं असेल, तर एक हात मोटारीवर आणि दुसरा जाळीवर ठेवणाऱ्याला शॉक बसतो.

मग करायचं काय?

- मोटारीची बॉडी, स्टार्टर, पॅनेल, लोखंडी पाईप, जाळी आणि दार हे सगळं एकाच अर्थ पट्टीला जोडा. यालाच बाँडिंग म्हणतात. सगळं लोखंड एकाच दाबावर राहिलं, की दोन वस्तूंच्या मध्ये शॉक बसत नाही.
- बिजागरीवर भरवसा नको. रंग आणि गंज वीज अडवतात. चौकट आणि दार यांच्यामध्ये तांब्याची लवचिक वेणी बोल्टने बसवा. बोल्टखालचा रंग खरवडून काढा.
- मोटारीच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र तारा हव्यात. २५० व्होल्टवरच्या यंत्रांसाठी तसा नियमच आहे.
- आतली जाळी शेताच्या तारेच्या कुंपणाला जोडू नका. पंपघरातला दोष कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसापर्यंत पोचतो.

आरसीसीबी का लागतो?

शेतीपंपाचं अर्थिंग ग्राहकाने स्वतःच करायचं असतं, दोषाचा प्रवाह मातीतूनच परततो. त्यामुळे नीट बाँडिंग करूनही फ्यूज उडेलच असं नाही, आणि जाळी व ओली जमीन यांच्यात दाब उरतो. १०० मिलीअँपिअरचा आरसीसीबी एवढी गळती होताच पुरवठा तोडतो. २० ओहमच्या अर्थिंगवर तेव्हा जाळीवर २ व्होल्टच असतात. मोटारीला कोणता बसेल ते परवानाधारक वायरमनला विचारा.

तपासणी कधी?

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मोजणी मे महिन्यात अर्थ टेस्टरने करून घ्या. दार आणि अर्थ पट्टी यांमधला जोड मल्टिमीटरने पाहताना मेन स्विच बंद आणि ऑटो काढलेला असावा. नाहीतर लाईट येताच मोटार आपोआप चालू होते. वाचन शून्याजवळ हवं.

जाळीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर 'थोडा करंट येतोच' म्हणून सोडून देऊ नका. कोरड्या जागेवर उभं राहून मेन स्विच पाडा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका आणि वायरमनला बोलवा. दोष डीपी किंवा लाईनकडचा वाटला, तर महावितरणचा १९१२ हा टोल फ्री क्रमांक आहे.