बिनभट्टीचा केक आणि जपानचें दूध

जपानांत ज्या चीजकेकला ‘रेअर’ म्हणतात, त्याला भट्टीची धग लागत नाहीं. मांस अर्धकच्चें ठेवण्याविषयींचा हा इंग्रजी शब्द तेथें गारव्यानें गोठणाऱ्या मिष्टान्नास चिकटला आहे. खालीं लोण्यांत कालवलेला बिस्किटांचा चुरा. वर क्रीम चीज, साय, साखर व लिंबाचा रस. आणि हें सर्व जिलेटिननें धरून ठेवावयाचें, एवढीच कृति.

हें दुग्धप्रेम पाश्चात्यांकडून उसनें घेतलेलें, जपानला दूध मुळांत परकें, असें समजण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तें अर्धेंच खरें. इ.स. ९२७ मध्यें सिद्ध झालेल्या ‘एन्गीशिकी’ या राजनियमसंग्रहांत ‘सो’ नामक पदार्थाची रीति आहे: दहा मापें दूध आटवून एक माप उरवावें. आपल्या खव्याचाच हा भाऊबंद; प्रांतोप्रांतींहून तो दरबारांत करभार म्हणून जाई. बौद्ध ग्रंथांतील दुधाच्या पांच अवस्थांपैकीं शेवटची, म्हणजे सर्पिर्मंड, चीनमार्गें ‘दायगो’ होऊन तेथें पोंचली. आजहि ‘दायगोमी’ म्हणजे एखाद्या गोष्टीची खरी गोडी. दरबार दुबळा झाला, आणि सोहि गेला. पुढें १७२८ मध्यें शोगुन योशिमुने यानें मिनेओकाच्या कुरणांत तीन पांढरीं गुरें सोडलीं. तीं हिंदुस्थानी वाणाचीं होतीं असें तिकडे सांगतात. त्यांच्या दुधाच्या वड्या झाल्या, पण औषधादाखल! दूध देशांत होतें, घरांत नव्हतें.

२०२० च्या मार्चांत सांथीमुळें शाळा बंद पडल्या व मुलांच्या भोजनाचें दूध शिल्लक राहूं लागलें, तेव्हां अनेक कुटुंबांनीं तें आटवून सो केला. दरबारचा करभार प्रजेच्या चुलीवर आला तो असा.

रेअर केकहि तेथें घरोघर होतो. क्रीम चीजऐवजीं पुष्कळजण पाणी निथळलेलें दहीं, म्हणजे आपला चक्काच, घालतात. आम्हीं तो घरीं करविला. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचें, म्हणून घरच्या मंडळींनीं चायना ग्रास घेतलें. पहिल्या खेपेस उकळलेला रस गार चक्क्यांत ओतला आणि सगळ्या गुठळ्या झाल्या, कारण हा रस चाळीस अंशांच्या आसपासच थिजतो. दुसऱ्या खेपेस चक्का कोमट करून घेतला. केक सुरेख कापला गेला, परंतु जिलेटिनचा जसा जिभेवर विरघळतो तसा विरघळला नाहीं. घरांत कोणी म्हणालें, चिनी मालानें जपानी पदार्थ बिघडविला. वास्तविक नांव चीनचें असलें, तरी समुद्रशेवाळाचा हा वाळविलेला अर्क सतराव्या शतकांत जपानांतच निघाला.